किकवाली जीप

चावी फिरवून ती उठत नाही, तिला किक मारावी लागते. तोंडावळा जुन्या जीपचा, काळीज दुचाकीचं आणि पाय रिक्षाचे. स्टिअरिंग डावीकडं, म्हणजे आपल्या रस्त्यांच्या रिवाजाच्या उलट बाजूला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, देवराष्ट्रे गावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातलं सामान जमवून ती घडवली. खर्च साधारण साठ हजार रुपये. पोराला चारचाकी हवी होती, विकतची परवडत नव्हती आणि हाताला लोखंड ठाऊक होतं. तिच्या जन्माला एवढं कारण पुरलं.

डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गावाबाहेर पडला आणि बघता बघता देशभर गेला. लोकांनी तिला ‘जुगाड’ म्हटलं. मला हा शब्द तिच्या बाबतीत पटत नाही. जुगाड म्हणजे अडलेलं तात्पुरतं मार्गी लावणं, तारेनं बांधून घर गाठणं. ही गाडी एका संध्याकाळपुरती बांधलेली नव्हती. घरच्या माणसांना बसवून रस्त्यावर न्यायची म्हणून ती केली होती. तिच्यात जागोजाग निर्णय आहेत, आणि निर्णयांतूनच गाडीला स्वभाव येतो.

आधी तोंडाबद्दल. उभ्या फटींची जाळी आणि दोन बाजूंना दोन गोल दिवे पाहिले की आपल्या भागातला कुणीही माणूस जीप ओळखतो. ते रूप दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढं ती जीप देशभर पोचली. सातारा-सांगलीकडं तर तिनं सगळी कामं केली. साहेबाला दौऱ्यावर नेलं, पुढाऱ्याला प्रचाराला नेलं, आणि शेवटी वडापला लागून फूटबोर्डावर लोंबकळणारी माणसंही वाहिली. आमच्याकडं जीप म्हणजे कुठंही जाणारी गाडी. चिखल असो, ओढा असो, उसाच्या फडातली चाकोरी असो. देवराष्ट्रेच्या या लेकरानं नेमका तोच चेहरा घेतला, यात मला नक्कल दिसत नाही. आपली गाडी कुणाच्या कुळातली म्हणून ओळखली जावी, हे करणाऱ्यानं ठरवलेलं होतं.

मूळ विलीजच्या पोटात २.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं इंजिन होतं. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या नेहमीच्या दुचाकीचं इंजिन साडेसात-आठ अश्वशक्ती देतं. चेहरा साठांचा आणि बळ आठांचं, हा फरक कुठून भरून काढायचा? दुचाकीच्या इंजिनावर चारचाकी करायला निघालेल्या प्रत्येकापुढं हाच प्रश्न असतो.

श्रीमंत देशांत गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार उघडून बसणाऱ्या हौशी माणसांपुढंही तोच प्रश्न असतो, फक्त आकडे मोठे. त्यांचं एक लाडकं उत्तर म्हणजे सुपरचार्जर. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरच्या पुलीवरून पट्टा घ्यायचा, त्यावर हवेचा पंप फिरवायचा आणि सिलिंडर एरवी जेवढी हवा ओढून घेतो त्याहून जास्त हवा त्यात दाबून भरायची. हवा जास्त तर पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. वातावरणाच्या निम्मा दाब वरून दिला तर हिशेबानं दीडपट हवा आत जाते. पंप फिरवायला थोडी ताकद खर्च होते, हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेनं इंजिन ठोके देऊ लागतं. मग इंधनाचं माप बदला, ठिणगीची वेळ मागं घ्या, दाबलेली हवा थंड करायला वेगळा कूलर बसवा. एक गोष्ट बदलली की दहा गोष्टींना हात घालावा लागतो. घरी बसून हे काम नीट तडीस नेणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

या सुपरचार्जरचं मूळ लोहाराच्या भट्टीशी जाऊन भिडतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या हवेच्या पंपाचं पेटंट घेतलं, तो मोटारीसाठी नव्हताच. मोटार तेव्हा जन्मायची होती. तो पंप लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना आणि खाणींना वारा द्यायला वापरला गेला. पुढं १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर यांनी इंजिनात दाबून हवा भरण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं, १९२१ मध्ये मर्सिडीजनं सुपरचार्जर लावलेल्या गाड्या विक्रीला मांडल्या, आणि रूट्स बंधूंचा भट्टीचा पंप शर्यतीच्या गाड्यांवर जाऊन बसला. म्हणजे जगातल्या महागड्या गाड्यांच्या बॉनेटखाली जे यंत्र घरघरतं, त्याचा पूर्वज भाता आहे. भाता कशासाठी, तर कोळसा तोच ठेवून आच वाढवण्यासाठी.

आणि भात्याचं हे काम आपल्याकडच्या लोहारशाळेत पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. लाकडी चाकाच्या घेरापेक्षा लोखंडी धाव किंचित लहान करायची. शेणकुटांच्या जाळात ती लालभडक तापवायची, तापली की ती फुगते. तिघा-चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर चढवायची, घणानं ठोकून बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. धूर निघतो, लाकूड करकरतं, धाव आवळत जाते आणि आरे-पाट्या असे गच्च होतात की एकही खिळा लागत नाही. किती लहान करायची याचं गणित कागदावर नसतं. जास्त लहान झाली तर चाक मोडतं, कमी झाली तर उन्हाळ्यात धाव गळून पडते. हे माप ज्या हातांत मुरलंय त्यांना भंगारातल्या दोन वेगळ्या गाड्यांचे भाग एका चौकटीवर जुळवणं परकं वाटत नाही.

परिसरही तसाच. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, १९१३ सालचं. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. तिथं १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. साताऱ्याला सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत मजल मारली. कारखान्यात शिकलेला फिटर गावात परत येऊन दुकान टाकतो, साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची दुरुस्ती रात्रंदिवस चालते, आणि मोडलेल्या गाड्यांचं सामान भंगारवाल्याकडं ढिगानं पडतं. अशा मुलखात ही जीप निघाली, याचं नवल कमी आणि अशा जीपा आणखी का निघत नाहीत याचं जास्त वाटायला हवं.

आता तिच्या पायांकडं बघा. मला ती खरी कळली ती तिथं.

दुचाकीचं मागचं चाक अठरा इंची रिमवर बसतं आणि टायरसकट त्याचा व्यास साडेतेवीस इंचांच्या आसपास भरतो. रिक्षाचं रिम आठ इंची, आणि टायरसकट व्यास सोळा इंचांच्या आसपास. इंजिनातून, गिअरमधून, चेनमधून येणारा पीळ तोच राहिला आणि चाक लहान झालं, तर जमिनीवर पडणारी ओढ त्याच प्रमाणात वाढते. साडेतेवीस भागिले सोळा करा, उत्तर दीडपटीच्या जवळ येतं. म्हणजे इंजिनाला हात न लावता, हवा न कोंबता, नुसत्या चाकांच्या अदलाबदलीनं चढाला लागणारी ओढ जवळजवळ दीडपट. सुपरचार्जरवाला जो दीडचा आकडा हजारो डॉलर मोजून मिळवतो, तोच आकडा इथं रिक्षाच्या चार चाकांतून मिळतो. अर्थात हे फुकटात नाही. अश्वशक्ती वाढत नाही, तेवढ्याच फेऱ्यांना गाडी कमी अंतर कापते, आणि वेग त्याच मापानं उतरतो. पण गावातून बाजाराला जायचं, पोरांना बसवून रानात फेरी मारायची, तर वेगाचं करायचं काय? जिथं ओझं आणि चढ आहे तिथं ओढ हवी. ज्याची गरज नाही ते देऊन ज्याची गरज आहे ते घेणं, हा तिचा स्वभाव आहे, आणि मला तो फार आवडतो.

बाकीच्या गोष्टी इतक्या सोप्या नसतात. दुचाकीचं इंजिन उघड्या वाऱ्यावर थंड व्हायला घडवलेलं असतं. सिलिंडरवरची ती पातळ पाती पळत्या गाडीच्या वाऱ्यासाठीच असतात. बॉनेटखाली कोंडलं की वारा बंद. म्हणून रिक्षाच्या इंजिनाला पंखा आणि त्यावर पत्र्याचं आवरण असतं. तीच गोष्ट वळणाची. चारचाकी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही एकाच दांड्याला जखडली तर एक घासत जातं आणि गाडी सरळच पळू पाहते. दुचाकीला ही अडचण नाही, रिवर्स गिअरचीही नाही. ब्रेकचं तर विचारूच नका. दोन माणसांच्या वजनासाठी केलेला ब्रेक चार माणसं आणि लोखंडी सांगाडा अडवायला निघाला की त्याला घाम फुटतो. घरी गाडी करणाऱ्याला या साऱ्यांची उत्तरं एकट्यानं शोधावी लागतात.

व्हिडिओ पाहून महिंद्रा समूहाचे अध्यक्ष आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं. गाडी कोणत्याच नियमात बसत नाही हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट म्हटलं, आणि अधिकारी कधी ना कधी ती अडवतील म्हणून बदल्यात आपल्या कंपनीची बोलेरो गाडी द्यायची तयारी दाखवली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबानं सांगलीत बोलेरो स्वीकारली. त्याआधी किकवाली जीप सोडायला घरच्यांचं मन होत नव्हतं. ती त्यांची पहिली गाडी, घरची लक्ष्मी. ही घालमेल ज्याला कळत नाही त्यानं स्वतःच्या हातानं कधी काही घडवलेलं नसावं.

नियमाची बाजू मला खोटी वाटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे आणि ब्रेक लागला नाही तर समोरच्याचा जीव जातो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीच्या वेळच्या तपशिलापासून दूर नेणारा बदल गाडीत करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सुपरचार्जर बसवणाराही याच कलमात अडकतो. नवी गाडी करायची तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. हे सगळं हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी बांधलेलं आहे.

माझी तक्रार इथं आहे. लहान गाडीला आपल्या कायद्यात जागाच नाही असं नाही. क्वाड्रिसायकल नावाचा वर्ग आहे, आणि बजाजची क्यूट, एका सिलिंडरच्या २१६ सीसी इंजिनावर चालणारी, त्यात पास होऊन रस्त्यावर आली. जागा नाही ती एकट्या माणसानं केलेल्या एकाच गाडीला. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली मोटार एकेक करून तपासायची सरकारी पद्धत आहे. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर, धारदार कडा, सगळं पाहतात. पास झाली तर नंबर मिळतो, नाही झाली तर काय सुधारायचं याचा कागद हातात देतात. लोटस सेव्हन ही १९५७ ची गाडी सुट्या भागांच्या संचानं विकली जायची आणि लोक ती घरी जोडायचे. त्या हौसेतून तिकडं अभियंत्यांची पिढी घडली. आपल्याकडंही अशी एक खिडकी हवी. वेगाला मर्यादा घाला, महामार्गावर बंदी घाला, वर्षाला तपासणी ठेवा, पण पासिंगला येण्याची वाट तरी ठेवा. ब्रेक कमी पडतोय हे सांगणारा माणूस गाडी करणाऱ्याला लवकर भेटला, तर तो ब्रेक सुधारेल. ज्याला सुरी-विळ्याचं पाणी कळतं त्याला ब्रेकचं का कळणार नाही?

किकवाली जीप महिंद्रांच्या ताब्यात गेली. चेन्नईजवळच्या त्यांच्या रिसर्च व्हॅलीतल्या गाड्यांच्या संग्रहात तिला ठेवायचं ठरलं, तिथल्या अभियंत्यांना कमी साधनांत काय होतं ते दिसावं म्हणून. तिथं तिचं बॉनेट उघडं ठेवावं अशी माझी इच्छा आहे. चेहऱ्याचे फोटो पुष्कळ निघाले, बघायचं ते आत आहे. शेजारी एक पाटी असावी, तिच्यावर कुठला भाग कुठल्या गाडीतून आला ते एकेक करून लिहावं, खर्चाचा आकडा लिहावा, गावाचं आणि करणाऱ्याचं नाव ठळक लिहावं, आणि चाकांपाशी सोळा आणि साडेतेवीस हे दोन आकडे मांडावेत. बघायला येणाऱ्या पोरांपैकी ज्याला भागाकार करावासा वाटेल, त्याला तिथल्या माणसानं किकही मारू द्यावी.