राघूचा पेरू

राजगडाच्या पाली दरवाजाकडे चढणाऱ्या वाटेवर एक आजी पाटी मांडून बसल्या होत्या. आमच्यातल्या एका पोराने विचारलं, "आजी, हे पेरू देशातून येतात का?" आजी म्हणाल्या, "न्हाय बाळा, परसातलं हायत."

उत्तर बिनचूक होतं, पण पोराचा प्रश्नही अगदीच वाया गेलेला नव्हता. झाड मूळचं अमेरिकेकडचंच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे उतरलं. नावाचं म्हणाल तर, पोर्तुगीजांत नासपतीला 'पेरा' म्हणतात आणि आपला पेरू त्यातूनच आला असं बरेच जाणकार मानतात. गोव्यात अजून 'पेर'च म्हणतात. उत्तरेतला 'अमरूद' फारसी, तोही मुळात नासपतीच! पाहुण्याला त्याचं नाव विचारायची तसदी कुणीच घेतली नाही.

मला मात्र काळजी लागली ती राघूची. मराठी गोष्टीतला राघू पेरू तरी खातो, नाहीतर हिरवी मिरची. मिरचीही त्याच गलबतांतून आलेली. मग गलबतं येण्याआधी बिचारा खात काय होता? डाळिंबं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ?

आजोळी ओटीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे. (आता कायद्याने देशी पोपट पाळता येत नाही, झालं ते बरंच.) आजी पेरूची फोड गजांत खोचायची. तो ती एका पायात धरी, मान तिरकी करून आमच्याकडे बघे आणि गर खुशाल खाली सांडून नेमक्या बिया टिपे. चोचीत कटकट आवाज व्हायचा. आम्ही दाढेत अडकलेली बी जिभेने उकरत बसायचो आणि हा तीच मिटक्या मारत खायचा. मिरचीचंही तेच. पाखरांना ती झोंबत नाही म्हणे. देठ धरून सोलायचा, बिया खायचा, साल टाकून द्यायचा. दुपारभर खाली कचरा आणि वर 'विठू विठू'. आजी झाडू घेऊन पुटपुटायची, पण संध्याकाळी फोड खोचायची चुकायची नाही.

पालीच्या आजींनी पेरूला चार चिरा देऊन आत तिखट-मीठ भरलं. पेरू तिकडचा, मिरची तिकडची. मीठ तेवढं आपलं. गर पांढरा, बियांनी खच्चून भरलेला. गुलाबी गराचं कौतुक मला कधी कळलं नाही. शहरात हल्ली जाळीत गुंडाळलेले नारळाएवढे पेरू मिळतात, बिया नावापुरत्या, चवीला पाणी. ते राघूपुढे ठेवले तर तो खाणार काय?