शहागडला पणजोबांच्या शोधात

पुतणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि जात पडताळणीसाठी घरात कागदांची शोधाशोध सुरू झाली. पुरावा हवा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. आमच्या वडिलांचा जन्म त्यानंतरचा, आजोबा शाळेची पायरी चढलेले नाहीत. उरले पणजोबा. ते शहागडचे, एवढेच ठाऊक.

म्हणून आम्ही दोघे भाऊ एस.टी.ने निघालो. बीड रस्त्यावर गोदावरीच्या पुलाअलीकडे शहागड. पलीकडे गेवराई तालुका. वस्तीत जयभीम झाला, चहा झाला. पणजोबा वेसकर होते, दवंडी देत, सरकारी टपाल पोचवीत, असे वृद्धांनी सांगितले.

तालुका अंबड. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होते. जुने दप्तर दोन्हीकडे पाहावे लागते. 1948 पर्यंत राज्य निजामाचे, त्यामुळे कागद उर्दूत. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी नोंद वाचून दिली. सन 1351 फसली, म्हणजे 590 मिळवून 1941. शहागडच्या एका महाराच्या घरी मुलगी जन्मली. बापाच्या नावाला 'या' जोडलेला. ना आडनाव, ना मुलीचे नाव, ना आईचे.

आम्ही नवा धम्म स्वीकारला, पण जुनी जात सांगणारा हाच कागद पुतणीच्या कामाचा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती 1990 च्या कायद्याने मिळाल्या, त्यासाठी मूळ जात दाखवावी लागते.

पण ती मुलगी कोण? पूल ओलांडून गेवराईकडच्या खेड्यात आत्याआजीला भेटलो. आजोबांची ही धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेली. आम्ही नोंद वाचली. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "ती मीच रं लेकरा. पण माझ्या मायचं नाव लिव्हलंच नाही का?"

तिने आईचे नाव सांगितले, माहेर सांगितले, लहानपणीच गेलेल्या दोन भावंडांची नावेही सांगितली. हे कुठल्याच दप्तरात नव्हते.

वाचकहो, कागद शोधाच, पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. कागद उद्याही सापडेल.

प्रतिज्ञापत्रासाठी पुतणीने वंशावळ स्वतःच्या हाताने लिहिली. पणजोबांच्या नावातला 'या' तिने काढला, पुढे 'राव' लावला, कंसात नोंदीतले नाव ठेवले. शेजारी पणजीचे नाव लिहिले. घरच्या प्रतीवर आत्याआजीने अंगठा उमटवला.