अण्णांचं देणं

साताऱ्यातलं माझं डीटीपीचं दुकान टिकलं ते सांगलीच्या एका माणसामुळे. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेर मी फारसं बोललो नाही. त्यांना सगळे अण्णा म्हणत. हरभट रोडच्या मागच्या बोळात त्यांचं दुरुस्तीचं दुकान. पाटीबिटी काही नव्हती. दाजी बरोबर आले म्हणून सापडलं.

भारनियमनाची वर्षं होती ती. लाइट जायची तशी यायची, पण येताना असा झटका द्यायची की ट्यूबसुद्धा दचकायची. ऐन लगीनसराईत माझं मशीन रुसलं. पंखा फिरायचा, डिस्प्ले यायचा नाही. आलाच तर पत्रिकेचं पान प्रिंटला टाकलं की मशीन आपोआप रिस्टार्ट. गावातल्या एका दुकानदाराने डबा न उघडताच निदान केलं, ‘मदरबोर्ड गेला’, आणि नव्या बोर्डाचा आकडाही सांगितला. तो ऐकून मी सीपीयू मांडीवर घेतला आणि कराड-इस्लामपूरमार्गे एसटीने ताईकडे सांगलीला आलो.

अण्णांनी हकिगत ऐकली आणि म्हणाले, “बोर्ड कशाला मरतंय लगेच? आधी त्याला पोटभर मिळतंय का बघूया की.”

पुढचा तासभर मी जे पाहिलं, त्यावर आजवर जगतोय. आधी पॉवर कॉर्ड बदलून पाहिली. मग एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पाठीवरचं लाल बटण २३० वर आहे ना, ते पाहिलं. मदरबोर्डातून मोठा कनेक्टर उपसला, प्लग चालू केला आणि मल्टिमीटरची काळी काडी काळ्या वायरवर, लाल काडी जांभळीवर टेकवली. पाच व्होल्ट. मशीन बंद असतानाही ही वायर जिवंत असते. तिथंच शून्य आलं तर पुढं बघायची गरज नाही. मग वायरचा एक सोललेला तुकडा हिरव्या आणि काळ्या वायरच्या भोकांत अडकवला. मशीनचं बटण बोर्डाला सांगतं आणि बोर्ड हिरवी वायर खाली ओढतो. ते काम आता तुकड्याने केलं. पंखा फिरला. पिवळ्या वायरवर मीटरने बारा दाखवले. मी म्हटलं, बरा आहे की! अण्णा हसले. “पंखा फिरला म्हणजे झालं काय ओ? रिकामा बैल कुणीबी पळवतंय.”

एक जुनी हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह त्यांनी लोड म्हणून जोडली आणि पुन्हा पिवळ्या वायरवर काडी ठेवली. मघाशी बारा दाखवणारा मीटर खाली घसरत अकराच्याही आत आला. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७, म्हणजे सगळीकडे पाच टक्के इकडेतिकडे. आकडा त्याबाहेर गेला की एसएमपीएस बाद. राखाडी वायरीवरून तो बोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा निरोप देतो. निरोप गेला नाही तर बोर्ड जागचा हलत नाही, आणि आपण बोर्डालाच दोष देतो.

एसएमपीएसचा डबा उघडताना मात्र त्यांनी मला हात पाठीमागं बांधून उभं केलं. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. फुगलेल्या डोक्याचे दोन छोटे कपॅसिटर दाखवले, झाकण लावलं आणि त्यांच्या फळीवरचा चांगला एसएमपीएस माझ्या मशीनला बसवला. डिस्प्ले आला. “हा घेऊन जावा, पत्रिका उरका. नवा घेतला की आणून द्या. आणि हातात उचलून घ्या, हलका लागला तर स्टिकरवरच्या वॅटांवर जाऊ नका.” तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

पुढे किती तरी वेळा फोनवरूनच त्यांनी मला वायरींचे रंग विचारत वाट दाखवली. फेड करायची संधी एकदाच आली. त्यांच्या मुलीची पत्रिका मी छापली. अण्णांनी बिल मागून घेतलं आणि नोटा मोजून ठेवल्या. “कागद तुम्हाला फुकट मिळतो काय?”

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर गेलो, तेव्हा अण्णा चिखलातून एकेक डबा काढत होते. मी सवयीने मीटर उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. “पाणी शिरलेला एसएमपीएस तपासायचा नसतो. मीटरवर बरा दाखवील आणि चार दिवसांनी कुणाचं तरी घर जाळील.” ढीगच्या ढीग भंगारात गेला, विकला असता तर चार पैसे आले असते. त्यानंतर त्यांनी दुकान पुन्हा मांडलं नाही.

साताऱ्यात माझ्या दुकानात एसएमपीएस तपासायचे पैसे पडत नाहीत. कुणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं असेल तर मशीन आधी इकडे आणा. आणि पॉवर कॉर्ड घरी विसरू नका, पुष्कळदा तीच गेलेली असते.