कुठवर आलंय?

माझी आत्या उंचीनं जेमतेम पावणेपाच फूट. मावळतीची किरणं देवळात शिरून देवीपर्यंत पोचतात, त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला ती लग्न होऊन कोल्हापुरात आल्यापासून जाते, पण किरणं अशी तिला कधी दिसलेलीच नाहीत. पुढं सगळ्या माणसांच्या पाठी. ती हात जोडून, डोळे मिटून उभी राहते आणि शेजारच्याला विचारत राहते, "कुठवर आलंय रं?"

काही वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात शेजारी मी होतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो. खिशात प्रयोगशाळेतून मागून आणलेला, उजेड मोजायचा लक्समीटर होता. आदल्या रात्री जेवताना आत्याला सगळं समजावून झालं होतं. देवीचं तोंड पश्चिमेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं सरकत सरकत मावळतो, २१ डिसेंबरच्या सुमारास टोक गाठतो आणि माघारी वळतो. म्हणजे जाताना आणि येताना तो एकाच जागी दोनदा मावळणार. म्हणून ९ ते ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. टोकापासून मोजलं तर दोन्हीकडं ४१-४२ दिवस. भाकरीचा तुकडा ताटाच्या काठानं फिरवून मी सूर्यही दाखवला.

"बांधणाऱ्याला हे ठावं व्हतं म्हण की," आत्या म्हणाली.

"असणारच."

"मग तू नवं काय सांगायलास?"

संध्याकाळी देवळातले दिवे मालवले. किरणांच्या वाटेत कुणी थांबायचं नाही, म्हणून गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. महाद्वारातून आलेला तांबूस पट्टा गरुड मंडपातून पुढं निघाला. काळ्या दगडांच्या त्या गारव्यात त्याच्यात तरंगणारा धुळीचा कण न् कण दिसत होता. कासव चौक, पितळी उंबरा, मग देवीपुढचं कटांजन. बाहेर सूर्य जितका खाली, तितका आत उजेड वर चढतो. कारण मला पाठ आहे, तरी ते बघताना अंगावर काटा आला. लक्समीटर खिशातच राहिला होता. घाईनं काढला.

"कुठवर?"

"चरणांवर."

"आता?"

"गुडघ्यापर्यंत." आणि तिथंच तो पट्टा फिका पडून विरला.

क्षितिजावर ढग होता, हवेत बाष्प होतं. शिवाय किरणांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या बांधकामांचा वाद गावात वर्षानुवर्षं चालूच आहे. (नुसत्या सूत्रासाठी इथं कुणी गच्चीवरचा पत्रा हलवला नसता. देवीसाठी मात्र सगळं गाव सूर्याचा कोन मोजत बसतं.) मागून कुणीतरी म्हणालं, "पाप वाढलंय, दुसरं काय!" मला राग आला. वाढलं होतं ते बाष्प, पाप नव्हे. तेवढी सवलत मी श्रद्धेला देणार नाही.

पण आत्याला काय सांगायचं? तोंडावर आलं म्हणावं? तिनं डोळे मिटलेलेच होते, तिला कळलंही नसतं.

"गेलं," मी म्हणालो. "खाली ढग आहे."

"असू दे. ते न्हाई पोचलं, मी पोचलो न्हवं?"

घंटा सुरू झाली, दिवे लागले, आरती झाली. मी हातातल्या यंत्राकडं बघत होतो. ते चुकलं नव्हतं. जितका उजेड पडला तितका त्यानं मोजला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी आणि आत्या एकच प्रश्न विचारतो. शब्द एकच होते, एवढंच. मी उजेडाचं विचारत होतो. ती कशाचं विचारते, हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लक्समीटर घरी ठेवला आणि तिला उभं राहायला एक पाट बरोबर घेतला. वीतभर उंची मिळाली असती, आयुष्यात एकदा तरी तिला ते दिसलं असतं. मंडपात तिच्या पायाशी पाट ठेवला. तिनं कौतुकानं बघितलं, लुगडं सावरलं आणि निवांतपणे त्याच्यावर बसून घेतलं.

"आता सांग," म्हणाली आणि डोळे मिटले.