ऑपरेशन झालं, पुढे हाडांचं काय?

बाबांना तिशीतच मुतखड्याचा त्रास सुरू झाला, काकांनाही. पाणी कमी पितात म्हणून होतं, एवढ्यावर आमच्या घरात तो विषय मिटायचा. मलाही खडा झाला. पाठोपाठ खांदेश्वर स्टेशनच्या पायऱ्यांवर पाय घसरल्याचं निमित्त होऊन मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं हे डॉक्टरांना खटकलं आणि त्यांनी रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलं. ते वाढलेलं होतं, पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक, म्हणजे पीटीएचही चढलेलं. पुढे जनुकीय तपासणीत मेन-१ निघालं, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या अनेक ग्रंथींत गाठी होणारा आनुवंशिक आजार. त्यामागचं अकराव्या गुणसूत्रावरचं जनुक १९९७ मध्ये सापडलं. ज्याच्यात दोष आहे, त्याच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

मानेत थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. एरवी बहुधा एकच बिघडते. या आजारात मात्र चारही बिघडतात. म्हणून माझ्या साडेतीन काढल्या आणि अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी कानापुढे गालावर बोटाने हलकी टिचकी मारली, तर ओठाचा कोपरा आपोआप उडाला. कॅल्शियम उतरलं होतं. वर्षानुवर्षं पीटीएचने हाडांतून काढून घेतलेलं कॅल्शियम हाडं आता अधाशासारखी परत ओढत होती. शिरेतून कॅल्शियम सुरू झालं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ऑपरेशन झालं ना? मग अजून कसल्या गोळ्या?" त्यांचं काय चुकलं! ऑपरेशन म्हणजे शेवट, असंच आपण सगळे धरून चालतो. पण हाडांचं खरं काम तिथून सुरू होतं. नंतरच्या डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, मणक्याची घनता छान वाढलेली दिसली. मनगटाच्या वरच्या हाडाची फारशी हलली नाही. पीटीएच जास्त असलं की हाडाचं बाहेरचं टणक कवच जास्त झिजतं, हाताच्या त्या भागात कवचच अधिक असतं, आणि ते सावकाश भरतं.

मेन-१ मध्ये हाडांवर घाला एकीकडूनच येत नाही. माझ्या पिट्युटरी ग्रंथीत प्रोलॅक्टिन हे संप्रेरक बनवणारी गाठ होती. तिच्यामुळे पाळी बंद पडली आणि हाडांना जपणारं इस्ट्रोजेनही घटलं. ती गाठ औषधाने आटोक्यात आली. काहींना स्वादुपिंडाजवळच्या गाठींमुळे जठरात फार आम्ल बनतं, ते कमी करणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. आणि कॅल्शियम कार्बोनेट पचायला तर आम्लच लागतं! अशांना कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं. हे तुमच्या डॉक्टरांशी मुद्दाम बोलून घ्या.

मी रोज खांदेश्वराच्या तलावाकडे चालायला जाते, जेवणात नाचणी असते, ड जीवनसत्त्व तपासून घेते. राहिलेली अर्धी ग्रंथी पुन्हा वाढू शकते, म्हणून कॅल्शियम आणि पीटीएचची तपासणी दरवर्षी होते. मुलीचीही जनुकीय तपासणी करून घेतली. "लग्नाच्या वेळी अडचण येईल," असं नातेवाईक म्हणाले. मला ते अजिबात पटलं नाही. वेळीच कळलं तर तिची हाडं झिजण्याआधी उपचार होतील.

तुमच्या घरात दोघातिघांना तरुणपणीच मुतखडे झाले असतील, तर कॅल्शियम आणि पीटीएच एकत्र तपासून घ्या. आणि ऑपरेशन झालेलं असेल, तर पुढच्या डेक्सामध्ये हाताचं हाडही मोजायला सांगा.