ज्यांना रांग लावावी लागत नाही

जुलै हा आमच्या धंद्यात सुगीचा महिना. 31 तारखेच्या आत प्राप्तिकराची विवरणपत्रं भरायची असतात आणि सोलापुरातल्या माझ्या छोट्या ऑफिसातला दिवा तेव्हा रात्री उशिरापर्यंत जळत असतो. 2024चा जुलै वेगळा गेला. 28 जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात बायकांच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये देणारी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, 1 जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या जिन्यावर पूर्व भागातल्या विडी कामगार बायका येऊन बसल्या. खालच्या झेरॉक्सवाल्याने त्यांना सांगितलं होतं, वरच्या मॅडम फॉर्म भरून देतात आणि पैसे घेत नाहीत. त्याच्याशी माझं असं काही बोलणं झालेलं नव्हतं. पण त्या बायकांना पाहिल्यावर पैसे घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

एक मावशी सूप मांडीवर घेऊनच पायरीवर बसली होती. पानं कापून आणलेली, तंबाखू डब्यात, बोटं चाललेली. विडीची मजुरी हजारावर असते. फॉर्मसाठी दिवस गेला तर त्या दिवसाची मजुरी गेली, म्हणून तिने काम सोबत आणलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी सुपं आणली.

काम दिसायला सोपं होतं. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि एक हमीपत्र. प्रत्यक्षात एकेका अर्जाला तास-तास लागायचा. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं. घरात तेलुगू, शाळेच्या दाखल्यावर मराठी, कार्डावर इंग्रजी, आणि तिन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग निराळं. ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा तो मुलाच्या खिशात आणि मुलगा टॉवेलच्या कारखान्यात. दिवसा सर्व्हर चालायचा नाही. रात्री अकरानंतर चालायचा, तेव्हा फोनवरून ओटीपी विचारून मी अर्ज पूर्ण करायची. पलीकडून घोगऱ्या आवाजात आकडे यायचे आणि मागे खोकला.

हमीपत्रातल्या एका ओळीपाशी मी दरवेळी थांबायची. कुटुंबात कोणीही आयकरदाता नाही, असं त्यात लिहून द्यायचं होतं. मी वाचून दाखवायची, मावशी मान हलवायची, सही किंवा अंगठा करायची. त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला माझी नेहमीची माणसं, ज्यांचा कर कमीत कमी कसा बसेल हे बघण्याचे पैसे मला मिळतात.

त्यांतले एक शेठ टॉवेलच्या धंद्यातले. अनेक वर्षांचे अशील, स्वभावाने मोकळे, माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस राबलेले. जिन्यावरच्या बायकांतून वाट काढत वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, हे बरं चाललंय. आम्ही कर भरायचा आणि यांनी घरी बसून घ्यायचं."

त्यांचं विवरणपत्र माझ्यासमोर उघडंच होतं. उलाढाल 90 लाखांची. कलम 44 एडीखाली छोट्या व्यापाऱ्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवता येतो. पैसे बँकेतून आले असतील तर 6 टक्के, रोखीने असतील तर 8. त्यांची बहुतेक विक्री बँकेतून, म्हणजे नफा साधारण 5 लाख 40 हजार. नव्या कररचनेत त्या वर्षी 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होत होता. यात बेकायदा काही नाही. ते विवरणपत्र मीच तयार केलं होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि शेवटचा रकाना दाखवला.

"शेठ, या वर्षी तुमचा प्राप्तिकर काहीच नाही."

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पण जीएसटी? दर महिन्याला भरतो की."

"तो तुमच्याकडून टॉवेल घेणारा भरतो. तुम्ही गोळा करून सरकारला पोचवता."

त्यांना राग आला नाही, पण पटलंही नाही. आपण करदाते आहोत ही त्यांची फार जुनी, मनापासूनची ओळख आहे. ती एका रकान्याने पुसली जाणार नव्हती. असं बोलणारे ते एकटेही नव्हते. त्या महिन्यात माझ्यासमोर बसलेल्या बऱ्याच जणांनी हेच वाक्य थोड्याफार फरकाने म्हटलं. डॉक्टरांनी म्हटलं, निवृत्त अधिकाऱ्यांनी म्हटलं, पुण्याला आयटीत असलेल्या एका जोडप्याने व्हिडिओ कॉलवर म्हटलं.

त्या जोडप्याचा हिशेब मी त्याच संध्याकाळी केला होता. जुनी कररचना, दोघांच्या नावावर फ्लॅट. गृहकर्जाच्या व्याजापोटी प्रत्येकाला 2 लाखांची वजावट. 30 टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, एकेकाचे 62,400 रुपये वाचले. कलम 80 सीची दीड लाखाची वजावट धरली तर आणखी 46,800. जिन्यावरच्या मावशीला वर्षाला मिळणार होते 18,000. सरकारने न घेतलेला पैसा आणि सरकारने दिलेला पैसा, तिजोरीच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींचा परिणाम एकच. पण एक फॉर्म 16 मधून गुपचूप येतो. त्यासाठी कोणाच्या जिन्यावर बसावं लागत नाही, आपण गरीब आहोत असं लिहून द्यावं लागत नाही आणि त्याच्यावर कोणाचा फोटो छापलेला नसतो.

आणि मावशी कर भरत नाही, हे कोणी ठरवलं? तेव्हा साबण, टूथपेस्ट, बिस्किटाचा पुडा आणि मोबाइलचं रिचार्ज या सगळ्यांवर 18 टक्के जीएसटी होता. तिच्या खोकल्याच्या औषधावर 12. ती वळते त्या विडीवर तर 28, आणि विडी ओढतो तो हमाल, ऊसतोड कामगार, बांधकामावरचा बिगारी. गाडीचा डिझेल-कर भाजीच्या भावात शिरतो तो वेगळाच. दोन रुपयांच्या शांपूच्या पुडीवर कर भरताना कोणाला पावती मिळत नाही आणि वर्षअखेरीस 'तुमचे योगदान' म्हणून कोणता ईमेलही येत नाही. हमीपत्रातली ती ओळ प्राप्तिकरापुरती खरी होती. माझ्या अशिलांच्या कानात मात्र ती 'ही बाई देशाला काही देत नाही' अशी वाजत होती.

मी यात एवढी का गुंतले, हे सांगायला हवं. मी सांगोला तालुक्यातली. 1972च्या दुष्काळात मी जेमतेम शाळेच्या वयाची होते. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव मला आठवते. मिलोची भाकरी तुटायची, थापताना आई वैतागायची. वडील खडी फोडायला जायचे, आई मुरुमाच्या पाट्या उचलायची. दुष्काळ सरला तरी आमच्या कोरडवाहू रानात चार महिन्यांपुरतंच पिकायचं. माझं शिक्षण संपेपर्यंत आई दर उन्हाळ्यात रोजगार हमीवर गेली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ता, जिथे मस्टर निघेल तिथे. बाईला बाप्याइतकाच दर मिळायचा, आणि ही गोष्ट आमच्या वस्तीवर तेव्हा नवीच होती. माझी वह्या-पुस्तकं, एसटीचा पास, पंढरपूरच्या कॉलेजची फी, सगळं त्या हजेरीच्या पैशांतून आलं.

हा पैसा येतो कुठून, हे मला कळलं ते करसल्लागाराची परीक्षा देताना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या योजनेचा ध्यास घेतला, दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, 1977 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 1979च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. त्याच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला होता. शहरातल्या नोकरदारांच्या, वकील-डॉक्टरांच्या, दुकानदारांच्या खिशातून तो कर जायचा, त्यात सरकार आपला तेवढाच वाटा घालायचं आणि रोजगार हमीचा निधी उभा राहायचा. पुस्तकातलं ते कलम वाचताना मी पेन खाली ठेवलं होतं. मुंबईच्या कचेरीतला कोणी कारकून, ज्याने सांगोला कधी पाहिला नसेल, त्याच्या पगारपत्रकातून दर महिन्याला कापलेले काही रुपये माझ्या आईच्या हातात येत होते. त्याचे मी मनातल्या मनात किती वेळा आभार मानले असतील.

आज तोच कर मी माझ्या अशिलांसाठी भरते. वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. पगारदाराचे महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. कोणी विचारलं, हा कसला कर, तर मी सगळी हकीकत सांगते. बहुतेकांना ती ठाऊक नसते. आपल्या पगारातून दुष्काळी भागातल्या बाईला काम मिळावं म्हणून एक राज्य कायदा करतं आणि लोक तो मान्य करतात, असं महाराष्ट्रात घडून गेलं आहे. त्या वेळचा मध्यमवर्ग आजच्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत राहत होता.

लाडक्या बहिणीबद्दल मला शंका नाहीत असं नाही. योजना विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर आली, पहिले 3,000 रुपये रक्षाबंधनाच्या आधी खात्यात पडतील असा बेत होता, आणि वर्षाला 46,000 कोटींचा खर्च सांगितला गेला तेव्हा तो कशातून भागणार, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मुख्य म्हणजे रोजगार हमी कायद्याने मिळाली होती. ही योजना शासन निर्णयाने आली. शासन निर्णय उद्या बदलता येतो. विडी वळणाऱ्या बाईला हजारामागे रास्त मजुरी मिळाली, तिला निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीतून जेमतेम हजार रुपयांवर भागवावं लागलं नाही, तर ती 1,500 रुपयांसाठी माझ्या जिन्यावर आली नसती. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण माझ्या टेबलापाशी कोणी ते विचारत नव्हतं. सरकारने पैसे कसे आणि का वाटले, याचा राग त्या बायकांवर निघत होता.

पैशांचं त्यांनी काय केलं? फुकटची सवय लागते असं म्हणणाऱ्यांसाठी नाही, पण मला कळलं तेवढं सांगते. सूप घेऊन आलेल्या मावशीने चष्मा केला. पान कापताना कात्री बोटाला लागायची, दोन वर्षं तशीच चालवली होती. दुसरीने सावकाराचं व्याज दिलं. एकीने नवऱ्याला सांगितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर पैसे होते आणि ते ती तसेच ठेवणार होती. एकीच्या खात्यात पैसे आले आणि किमान शिल्लक नव्हती म्हणून बँकेने त्यातले कापून घेतले. ती पासबुक घेऊन माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. एवढंच विचारत होती, "अक्का, गरीब हाय म्हणून दंड घेतला का?" मी तिच्याबरोबर शाखेत गेले. पुष्कळ बोलल्यावर पैसे परत मिळाले.

1 फेब्रुवारी 2025 ला केंद्राचा अर्थसंकल्प आला. 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत. माझे फोन दुपारपासून खणखणत होते. पेढे आले. शेठही आले होते. सरकारला या सवलतीपोटी एका वर्षात सुमारे एक लाख कोटी रुपयांवर पाणी सोडावं लागणार, असं अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितलं होतं. त्या दिवशी माझ्या ऑफिसात कोणी तिजोरीची काळजी केली नाही. सवय बिघडेल, असंही कोणी म्हटलं नाही. सगळे म्हणत होते, मध्यमवर्गाला दिलासा मिळाला. मिळालाच, महागाईत त्यांचीही ओढाताण होते, हे मी त्यांच्या कागदांतून रोज बघते. त्याच डोळ्यांनी त्यांनी एकदा जिन्याकडेही बघावं, एवढंच माझं मागणं आहे, आणि शेठना मी ते पेढा घेताना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या आईची गोष्ट वेगळी होती मॅडम. त्या काम करत होत्या." मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, दिवसाला हजार विड्या वळणं हे काम नाही, तर काय आहे? त्यावर ते बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांच्या कारखान्यातल्या ज्या बायकांची कागदपत्रं अडली होती त्यांची नावं त्यांनी माझ्याकडे लिहून ठेवली.

2025च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली आणि जिना पुन्हा भरला. लाभार्थी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही जोडायचं होतं. माझ्याकडे आलेल्यांत विधवा बऱ्याच होत्या. विडीच्या घरांत नवरे लवकर जातात. वडील तर त्याहून आधी गेलेले. ज्याचा ओटीपी येणार तो माणूसच नाही, तर ती बाई पुढचा रकाना भरणार कशी? ओरड झाली, मुदती वाढल्या, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. चष्मा केलेल्या मावशीचा नवरा कर्नाटकात कामावर असताना वारला. दाखला इंडीच्या बाजूच्या एका ग्रामपंचायतीतून आणावा लागेल आणि तो कन्नडमध्ये असेल. शेठच्या कारखान्यातला एक मुकादम त्याच भागातला निघाला. तो रविवारी गावी जातो आहे. मावशीची कागदांची पिशवी मी त्याच्याकडे दिली आहे आणि भाषांतर कोण प्रमाणित करून देईल, याची चौकशी चालू आहे.