मस्ट नॉट

बालमित्रांनो, वर्गाच्या दारात उभं राहून तुम्ही रोज एक मंत्र म्हणता. "मेआयकमिनबाई?" एका दमात, मध्ये श्वास न घेता! एकदा मी माझ्या तिसरीच्या वर्गाला विचारलं, "ह्यातल्या 'मे'चा अर्थ काय रे?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "बाई, सुट्टीचा महिना!"

हसलात ना? मीही हसले. पण तुमच्या बाई तरी कुठे मोठ्या शहाण्या होत्या? महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याच्या आधीची मी. आम्हाला एबीसीडी भेटली ती पाचवीत. मे, कॅन, मस्ट, शुड हे शब्द आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले. व्याकरणात त्यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात, हेही पाठ केलं. डी.एड. होऊन मी बाईसुद्धा झाले. आणि मग एका एवढ्याशा 'मस्ट'ने मला चांगलंच पकडलं.

गोष्ट २०१७ सालची आहे. आमचं गाव रेल्वेचं, त्यामुळे बदलीवर येणारी माणसं पुष्कळ. तशीच तमिळनाडूहून एक मुलगी वर्षाच्या मध्येच माझ्या वर्गात आली. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आमच्या मराठी शाळेत. बिचारीला मराठी येत नव्हतं, पण नाचायची काय सुरेख! स्नेहसंमेलनाच्या नाचात मी तिला अगदी मधोमध उभं केलं.

ज्यांची पावलं चुकत होती त्यांच्यासाठी शनिवारी जादा सराव ठेवला होता. हिचं सगळं चोख. मग उगाच कशाला हेलपाटा? तिच्या वडिलांना मराठी वाचता येत नसे, म्हणून मी तिच्या वहीत ऐटीत इंग्रजीत लिहून दिलं, "शी मस्ट नॉट कम ऑन सॅटरडे."

माझ्या मनात होतं, 'तिला शनिवारी यावं लागणार नाही.' हिशोब सोपा केला होता. 'यावं लागेल'ला 'मस्ट कम', तर 'लागणार नाही'ला मध्ये एक 'नॉट' घातला की झालं!

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. मला वाटलं, आजारी असेल. कार्यक्रम तोंडावर आलेला, म्हणून मी तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली. बुधवारी तिचे वडील वही घेऊन आले. रागावलेले नव्हते, तेच जास्त लागलं मला. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी हळूच विचारलं, "टीचर, उसने क्या गलती किया?"

मुलांनो, 'मस्ट नॉट'चा अर्थ 'यायची गरज नाही' असा होत नाही. तो होतो 'येता कामा नये'! आपल्या 'यावं लागणार नाही'मधला 'नाही' सक्तीच काढून टाकतो. इंग्रजीत मात्र 'मस्ट'ची सक्ती तशीच ठाण मांडून बसते आणि 'नॉट' जाऊन चिकटतो येण्याला. म्हणजे न येण्याचीच सक्ती! मला लिहायला हवं होतं, "शी नीड नॉट कम", नाहीतर "शी डज नॉट हॅव टू कम". गंमत बघा, 'मस्ट' आणि 'हॅव टू' एरवी शेजारी शेजारी नांदतात, पण 'नॉट' आला की दोघांची तोंडं दोन दिशांना. (पालकांनो, औषधाच्या कागदावर 'मस्ट नॉट' दिसलं तर ते 'नाही घेतलं तरी चालेल' असं वाचू नका हं.)

त्या पोरीने नाचाचे कपडे घडी करून ठेवून दिले होते. आपल्याला काढून टाकलं असं समजून ती शाळेतच यायला तयार नव्हती. मी घरी जाऊन तिची माफी मागितली. ती आली, नाचली. पण मधली जागा दुसरीची पाठ होऊन गेली होती, तिच्याकडून ती काढून कशी घेणार? ही नाचली दुसऱ्या रांगेच्या टोकाला.

तेव्हापासून मी हे शब्द पाठ करून घेणं सोडलं. आधी विचारते, हे आपण मराठीत कसं म्हणतो? 'आत येऊ का?' ह्यात परवानगी कुठे आहे? त्या 'येऊ'मधल्या 'ऊ'त! 'आजीला जिना चढवत नाही' म्हणतो तेव्हा आजीची ताकद त्या 'चढवत'मध्येच दडलेली असते. इंग्रजी क्रियापदाला असं वाकता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे 'मे', 'कॅन' असे भालदार चालतात. आणि हे पुढे असले की मागचं क्रियापद अगदी साधं राहतं. 'शी डान्सेस', पण 'शी कॅन डान्स'. शेपटीचा 'एस' गळला! ह्यात माझ्या वर्गातली निम्मी मुलं अजून चुकतात.

हाच 'मस्ट' अंदाजही करतो बरं का. बेल वाजली, रोजची वेळ झालीय, तर "इट मस्ट बी द मिल्कमन", म्हणजे दूधवालाच असणार. तितकी खात्री नसली की 'मे बी', कदाचित असेल. ती मुलगी आता कुठे असेल? कॉलेजात जात असेल. नाचत असेल की नाही, कोण जाणे.

पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली. शेवटच्या दिवशी ती दारात थांबली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाई, आत येऊ?" हातात तीच वही होती. वडिलांनी त्यात खाली पत्ता देऊन एक ओळ लिहिली होती, "यू मस्ट कम टू अवर होम."

हा 'मस्ट' मला कोणी शिकवला नव्हता. ह्यात सक्ती नाही, अंदाजही नाही. आपण निरोप देताना म्हणतो ना, 'एकदा घरी याच हं', तो आग्रह आहे.

मी अजून गेलेले नाही. वही मात्र तिने मलाच देऊन टाकली. ती माझ्या कपाटात आहे.